औषध देणारा हात

माझ्या आईला तिच्या अखेरच्या तीन वर्षांत रोज सकाळी एकच प्रश्न विचारला जाई आणि त्याचा तिला रोज राग येई. परिचारिका घरात पाऊल टाकीत, हात धूत, पलंगाशी उभ्या राहत आणि म्हणत, "आजी, तुमचा नाव सांगा बघया." आई म्हणे, "अगं, रोज विचारतेस. काल सांगितलेलं नाव रात्रीत बदललं का?" सिस्टर हसत, पण आईने पूर्ण नाव उच्चारल्याखेरीज गोळीची डबी उघडत नसत. घरात रुग्ण एकच, पलंग एकच, आणि तरीही हा विधी कशासाठी, असे मलाही वाटे. मी बँकेत छत्तीस वर्षे काढली असल्याने विधींची मला सवय होती. पण निरर्थक विधी आणि अर्थपूर्ण विधी यांतला फरक कळायला मला एक पावसाळी रात्र खर्ची घालावी लागली.

निवृत्तीनंतर मी कोल्हापूर सोडून मिठबावला आलो तो आईसाठी. वडिलांनी तरुणपणी घाट उतरून या गावी भुसार मालाचे दुकान थाटले आणि ते इथलेच झाले. ते गेल्यावर आईने गाव सोडण्यास नकार दिला. घरातील पार्श्वप्रभूंची लहानशी मूर्ती, परसातील दोन हापूसची झाडे आणि रात्री गजबादेवीच्या बाजूने येणारी समुद्राची गाज, एवढ्यावर तिचा संसार पूर्ण होता. न्हाणीघरात पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा ती ८१ वर्षांची होती. मधुमेह त्याआधी पंचवीस वर्षांचा. रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, दोन वेळचे इन्सुलिन, अशी औषधांची यादी डॉक्टरांनी हाती दिली, आणि मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तीस वर्षे नोकरी करून मालवणकडे आपल्या गावी परतलेल्या एक परिचारिका सकाळ-संध्याकाळ येऊ लागल्या. त्यांचे नाव लिहिणे त्यांना आवडणार नाही. घरात आम्ही त्यांना सिस्टरच म्हणत असू.

पहिल्याच आठवड्यात आमचे दोन खटके उडाले. पहिला वहीवरून. सिस्टर प्रत्येक औषध दिल्यावर वेळ लिहून सही करीत. मी सुचवले की, सकाळीच दिवसभराच्या रकान्यांत सह्या करून टाकाव्यात, संध्याकाळी तेवढाच वेळ वाचेल. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शुद्ध मराठीत विचारले, "काका, तुमच्या बँकेत पैसे द्यायच्या आधी 'पैसे दिले' असा शिक्का मारायचे का?" मी निरुत्तर झालो. औषध आधी, सही नंतर. आणि दिले नाही तर 'दिले नाही' हेही कारणासह लिहायचे. रिकामा रकाना सर्वांत धोक्याचा, कारण तो पाहणारा दुसरा माणूस राहिले असेल समजून औषध पुन्हा देतो. खतावणीत एकच रक्कम दोनदा चढली तर वर्षअखेरीस ती सापडते. रक्त पातळ करणारी गोळी दोनदा पोटात गेली तर ती खोडता येत नाही.

दुसरा खटका खलबत्त्यावरून. आईला मोठी गोळी गिळवत नसे, म्हणून मी ती कुटून दुधातून देत होतो. ते पाहून सिस्टरांनी माझ्या हातातील बत्ता अक्षरशः काढून घेतला. काही गोळ्या अशा घडवलेल्या असतात की, औषध बारा किंवा चोवीस तासांत थोडे थोडे झिरपावे. पाकिटावर नावापुढे 'एसआर', 'ईआर' अशी अक्षरे असतात. ती कुटली की दिवसभराचे औषध एका घोटात उतरते. काही गोळ्यांवरचे आवरण औषध जठरात न विरघळता आतड्यात विरघळावे म्हणून असते. आपल्या समाजात याचा आणखी एक पदर आहे. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, आणि जिलेटिन प्राणिजन्य, म्हणून अनेक घरांत कवच उघडून आतील पूड पाण्यातून घेतली जाते. भावना मला पूर्ण समजते. परंतु काही कॅप्सूलमधील बारीक दाण्यांना स्वतंत्र लेप असतो. ते चावले वा कुटले तर औषध वाया जाते किंवा एकदम अंगावर येते. कवच नको असेल तर त्याच औषधाची गोळी मिळते का, वनस्पतिजन्य कवच मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. आमच्या आईची एक कॅप्सूल अशीच बदलून मिळाली.

परिचारिकांच्या शिक्षणात पाच गोष्टी पाठ करून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पुढे त्यात योग्य नोंदीची भर पडली. शिवाय नाव तीनदा वाचायचे: कपाटातून काढताना, मात्रा मोजताना आणि रुग्णाच्या अंथरुणाशी. सिस्टर हे ओठ हलवून वाचत. आमचे वडील दुकानात वजन करीत तेव्हा आकडा मोठ्याने उच्चारीत. गिऱ्हाइकाला ऐकू जावा म्हणून नव्हे, तर आपल्या डोळ्याला आपल्या कानाची साक्ष असावी म्हणून, असे ते सांगत. त्याची मला आठवण होई. रोखपाल नोटा मोजत असताना त्याच्याशी कोणी बोलत नाही, हा बँकेतील अलिखित नियम. परदेशांतील काही रुग्णालयांत औषधांच्या फेरीच्या वेळी परिचारिका 'मला अडवू नका' अशा अर्थाचे अंगरखे घालतात, असे वाचले तेव्हा मला त्यात काहीच नवल वाटले नाही. आपल्याकडे मात्र त्याच वेळी नातेवाईक पंखा, चादर आणि बिल यांची चौकशी करीत तिच्या मागे फिरत असतात. मीही फिरलो आहे.

आता त्या रात्रीविषयी.

आईचा रात्रिभोजनत्याग लग्नाआधीपासूनचा. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, काही नाही. डॉक्टरांना हे सांगितले होते, म्हणून त्यांनी संध्याकाळची मात्रा कमी, केवळ ८ युनिटची ठेवली होती आणि ती साडेपाचच्या जेवणाआधी द्यायची होती. चातुर्मास नुकताच बसला होता. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता, वीज येऊन-जाऊन होती, आणि ओढ्याचे पाणी रस्त्यावर आल्याने सिस्टर त्या संध्याकाळी येऊ शकल्या नाहीत. फोनवर त्यांनी सारे सांगितले, मी अनेकदा पाहिलेही होते. आदल्या दिवशी इन्सुलिनची बाटली संपली होती. ती आणायला एकाला मोठ्या गावी पाठवले. नेहमीची बाटली शिल्लक नसल्याने दुकानदाराने पेनमध्ये घालायची लहान नळी दिली. नाव तेच, कंपनी तीच. औषध तेच ना, मग बाटली कोणती का असेना, असे मी मनाशी म्हटले आणि नेहमीच्या लाल टोपणाच्या सिरिंजने त्या नळीतून आठव्या रेघेपर्यंत औषध ओढून आईला टोचले.

जे मी वाचले नाही ते असे. आपल्या देशात साध्या बाटलीत मिळणाऱ्या इन्सुलिनमध्ये सहसा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, आणि त्यासाठीच लाल टोपणाची सिरिंज आखलेली असते. पेनच्या नळीत एका मिलिलिटरला १०० युनिट. त्या ताकदीसाठी केशरी टोपणाची सिरिंज वेगळी येते. लाल टोपणाच्या सिरिंजवरील आठवी रेघ म्हणजे ०.२ मिलिलिटर, त्यात ४०च्या बाटलीतील ८ युनिट येतात, पण १००च्या नळीतील २०. अडीचपट. हे गणित सातवीच्या मुलालाही यावे. चेकवर अंकांत एक आणि अक्षरांत दुसरी रक्कम असली तर ती शंभर हातांवरून ओळखणारा मी; त्या नळीवर छापलेला १००चा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो पाहिला नाही, कारण मला काय असणार हे 'माहीत' होते.

पावणेदहाला आई असंबद्ध बोलू लागली. वडिलांना हाक मारीत होती. कपाळ घामाने भिजलेले, हात गार. मी सिस्टरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आईविषयी नव्हता: "काका, बाटलेर आकडो काय लिवलेलो आसा? वाचा." मी विजेरीच्या उजेडात वाचला. क्षणभर पलीकडून आवाज आला नाही. मग एकामागून एक सूचना आल्या. नाव विचारा. सांगतात का? गिळतत मां? गिळत असतील तरच साखरेचे पाणी द्या, नाहीतर तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. आईने नाव सांगितले. तुटक, पण सांगितले. ग्लुकोमीटरवर ४६ आले.

मी पेल्यात तीन चमचे साखर ढवळली आणि पलंगाशी उभा राहिलो. बाहेर काळोख. सूर्य मावळून तीन तास झालेले. साठ वर्षांहून अधिक काळ जिने या वेळी पाण्याचा थेंब घेतला नव्हता, प्रसूतीच्या वेळी घेतला नव्हता असे ती अभिमानाने सांगे, तिच्या ओठांना मी पेला लावणार होतो. आणि तिचा नियम मोडत होता तो आजारामुळे नव्हे, माझ्या हातामुळे. तिने तोंड फिरवले. शुद्ध अर्धी होती, पण नियम तिला त्या अर्ध्या शुद्धीतही आठवत होता. "रात्र आहे," एवढेच ती म्हणाली. मी खोटे बोललो. म्हणालो, "आई, उजाडलंय." ती प्यायली.

पंधरा मिनिटांनी ६१. पुन्हा साखर. मग ८८. डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी बजावले की, जादा इन्सुलिन रात्रभर काम करीत राहील, आकडा वर आला म्हणून झोपू नका, दर तासाला तपासा आणि काही खायलाही द्या. रात्री एकला आकडा पुन्हा ६८वर घसरला. केळे कुस्करून भरवले. पहाटे चारनंतर तो स्थिर झाला. साडेसहाला सिस्टर गुडघाभर पाण्यातून चालत आल्या. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. आईकडे गेल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "आजी, तुमचा नाव सांगा बघया." त्या दिवशी आईने न रागावता सांगितले.

त्या प्रश्नाची सारी कारणे सिस्टरांनी मग समजावली. दवाखान्यातील वॉर्डात एकाच आडनावाचे दोघे शेजारी असतात, खाटा बदलतात, म्हणून नाव रुग्णाच्या तोंडून ऐकायचे. आपण नाव घेऊन 'हो ना?' विचारले तर ऐकू न येणारा म्हातारा कशालाही 'हो' म्हणतो. शिवाय नाव सांगणारा रुग्ण शुद्धीवर आहे, त्याला बोलता येते, म्हणजे बहुधा गिळताही येईल, हे त्याच उत्तरात कळते.

अशी चूक केवळ माझ्यासारख्या नवख्याची असते असे नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी येथे, पोलिओ लसीकरणाच्या दिवशी पाच वर्षांखालील १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुले रुग्णालयात ठेवावी लागली. सुदैवाने सारी बरी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ठाण्याजवळ कळव्याच्या एका आरोग्य केंद्रात कोविडची लस घ्यायला आलेला माणूस दुसऱ्या रांगेत उभा राहिला आणि त्याला रेबीजची लस टोचली गेली. त्याच्या हातातील कागद कोणी पाहिला नव्हता. दोन्ही ठिकाणी कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. कारवाई व्हावी, पण टेबलावर सॅनिटायझर आणि लस शेजारी शेजारी का होत्या, हा प्रश्न निलंबनाने सुटत नाही. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. त्यातला कोणी चोर आहे असे मानून नव्हे. एका माणसाचे डोळे एका दिवशी थकलेले असू शकतात हे मानून. चांगल्या रुग्णालयांत इन्सुलिनसारख्या जोखमीच्या औषधांची मात्रा म्हणूनच दुसरी परिचारिका स्वतंत्रपणे तपासते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये बॉन येथे औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली, तिचाही रोख माणसांना धारेवर धरण्यापेक्षा पद्धत सुधारण्यावर होता.

आणि कधी कधी त्या शेवटच्या हाताची चूक मुळीच नसते. १९८६ साली जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. औषध योग्य, मात्रा योग्य, वेळ योग्य; परिचारिकेने वाचायचे ते सारे वाचलेले. बाटलीत मात्र उद्योगात वापरले जाणारे ग्लिसरीन होते, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध खरेदीपासून प्रशासनापर्यंतची सारी साखळी उघडी केली. मी तेव्हा नोकरीत नवा होतो आणि वर्तमानपत्रांतून ते वृत्तांत वाचत असे. या मासिकाच्या वाचकांत औषधांचे घाऊक आणि किरकोळ व्यापारी पुष्कळ आहेत. तुमच्या गोदामातील पेटीवर चिकटवलेला कागद म्हणजे कोणा अनोळखी परिचारिकेचे डोळे आहेत. 'तेच औषध, फक्त बाटली वेगळी' असे म्हणून नळी देताना त्या दुकानदाराने 'ही १००ची आहे, सिरिंज वेगळी लागेल' एवढे सांगितले असते तर? असे मी अनेकदा मनात म्हटले. पण मग आठवते की, आकडा छापलेला होता.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्राणहानीच्या आधी प्रमाद सांगितला आहे. पाठशाळेत हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून उचलावी-ठेवावी, याला मुनींच्या आचारात आदाननिक्षेपण समिती असे स्वतंत्र नाव आहे. ती किडामुंगीच्या रक्षणासाठी, एवढाच अर्थ मी आजवर घेत आलो होतो.

आईला मी सकाळी दहाला खरे सांगितले. रात्री काय पाजले, किती वाजता, आणि का. 'उजाडलंय' हे खोटे होते, हेही. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "साखर औषध म्हणून दिलीस, त्याचं मी बघून घेईन. पण वाचलं का नाहीस? तुझे वडील मिठाचं पोतंसुद्धा वाचून उतरवून घ्यायचे." प्रायश्चित्त म्हणून तिने दोन उपवास करायचे ठरवले. तेव्हा सिस्टरांनी कमरेवर हात ठेवून सांगितले की, या वयात, इन्सुलिन चालू असताना, डॉक्टरांना न विचारता उपवास केला तर त्या उद्यापासून येणार नाहीत. दोघींची तासभर वाटाघाट चालली. अखेर आईने महिनाभर तूप सोडले. मी काय सोडले ते येथे लिहीत नाही.

उपवासाविषयी थोडे लिहायलाच हवे, कारण दशलक्षण पर्व प्रत्येक घरात येते. एकासन, उपवास, रात्री पाण्याचाही त्याग, यांतील काहीही करायचे असेल आणि मधुमेहाची औषधे चालू असतील, तर ते पर्वाच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना सांगावे. जेवण नसताना दिलेले इन्सुलिन, किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या, त्या रात्री आमच्या घरी झाले तेच करतात. काही औषधांच्या वेळा सूर्यास्ताआधी आणता येतात, काहींच्या नाही. घरी येणारी परिचारिका अन्य धर्माची असेल तर तिला आपल्या तिथी ठाऊक नसतात. त्या आपण कॅलेंडरवर खूण करून द्याव्यात. आणि ज्येष्ठांनी लपवू नये. आमच्या नात्यातील एक आजोबा संध्याकाळची गोळी उशीखाली ठेवीत आणि नात रोज 'दिली' म्हणून सांगे. तसेच, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोजच्या डबीत ते चुकून पडले तर जिवावर बेतते. ही गोळी घरात असेल तर तिचा वार मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावा.

त्या रात्रीनंतर आमच्या वहीत एक रकाना वाढला: दुसऱ्याची सही. सिस्टर सिरिंज भरून माझ्यापुढे धरीत, मी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरची रेघ मोठ्याने वाची, मग सुई लागे. आई म्हणे, "पास झालं का चेक?" वर्षभरात अशा सुमारे सातशे सह्या मी केल्या. त्यांत दोनदा सिस्टरांचीही चूक मी पकडली. एकदा बाटलीची मुदत संपली होती, एकदा रेघ दोन घरे पुढे होती. दोन्ही वेळा त्यांनी 'बरं झालं बघितलंत' म्हटले आणि वहीत ती चूक स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत स्वतःची चूक न सांगता नोंदवणारे अधिकारी मी मोजकेच पाहिले.

आई गेल्या माघात गेली. वह्या चार झाल्या होत्या. त्या मी ठेवल्या आहेत. शेवटच्या वहीतील शेवटची नोंद सिस्टरांच्या अक्षरात आहे: 'सकाळी ७.४०. औषध दिले नाही. नाव विचारले, तीन वेळा. सांगितले नाही. डॉक्टरांना ७.४५ला कळवले.' त्याखाली त्यांची सही आहे, आणि शेजारच्या रकान्यात माझी.